पांडू, सखाराम आणि आमचा धाकटा

गावात खाकी कपड्यातला माणूस दिसला की पारावर बसलेली पोरे अजून एकमेकांना कोपर मारून हळूच म्हणतात, "पांडू आला रे." या पोरांतल्या एकानेही दादा कोंडके यांचा चित्रपट पाहिलेला नसतो. काहींना तर दादा कोण हेही नीट सांगता यायचे नाही. पण शब्द त्यांच्या तोंडी आहे. चित्रपट १९७५ सालचा, म्हणजे पन्नास वर्षे झाली. इतक्या वर्षांत कितीतरी चित्रपट आले आणि पाचोळ्यासारखे उडून गेले. या एका चित्रपटाचे नाव मात्र सबंध महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायांना चिकटले ते चिकटलेच.

आमच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती. कारण आमचा धाकटा भाऊ पोलिसात होता. १९७३ साली भरती झाला आणि तेहतीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला. म्हणजे घरातला माणूस खराखुरा हवालदार आणि घराबाहेर तोच शब्द टिंगलीचा! मग मी हा चित्रपट किती वेळा पाहिला असेल? मोजून पाच वेळा. आणि पाचही वेळा पोट धरून हसलो. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, याचा विचार मी शेतात पाणी भरताना पुष्कळ केला आहे. आता पाणी भरायला ठिबक आहे आणि माझे गुडघे गेले आहेत, तेव्हा म्हटले लिहूनच काढावे.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'पांडू हवालदार' हा दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्याआधी 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव' आणि 'आंधळा मारतो डोळा' यांनी दादांचे नाव खेड्यापाड्यांत पोचले होते. इथे दादा झाले पांडू नावाचे भोळे, सरळ मनाचे हवालदार. त्यांच्या जोडीला सखाराम हवालदार. हा पक्का लाच खाणारा. ते काम अशोक सराफ यांचे. त्या काळी ते बँकेत नोकरी करीत असत आणि याच भूमिकेने त्यांचे नाव झाले. उषा चव्हाण झाल्या पारू केळेवाली. शिवाय पांडूच्या आश्रयाला आलेली एक मुकी मुलगी, ते काम लता अरुण यांचे. आणि या सगळ्यांच्या पाठीमागे चोरटा माल आणणारे तस्कर. राम लक्ष्मण ही संगीतकार जोडी याच चित्रपटापासून लोकांना माहीत झाली. कथा सगळी सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ती ठाऊक आहे, ज्यांनी नाही पाहिली त्यांनी पाहावी.

आमच्याकडे तो चित्रपट दोन वर्षे उशिरा पोचला. मुंबईत लागलेला मराठी चित्रपट आधी पुणे, नाशिक करीत धुळे-जळगावच्या पक्क्या थिएटरांत यायचा आणि पार झिजल्यावर, रेघा पडल्यावर, तंबूवाल्याच्या हाती लागायचा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या वाळूत पाळणे, भांड्यांची दुकाने, तमाशाच्या कनाती आणि फिरते टॉकीज. आम्ही चोपड्याकडून तापी ओलांडून यात्रेला जायचो, बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बायाबापड्या. १९७७ च्या वैशाखात तंबूवर रंगवलेला फलक लागला होता. मधे कापडी कनात, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. पडद्यापुढे वाळूत फतकल मारून बसायचे. यंत्रातली कार्बनची कांडी सरली की अंधार, आणि अंधार झाला की शिट्ट्या.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. मार्चमध्ये आणीबाणी उठली होती. त्याआधीचे दीड-पावणेदोन वर्ष खेड्यातल्या माणसाने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. नसबंदीची गाडी आली म्हणताच गडीमाणसे ज्वारीच्या उभ्या पिकात जाऊन बसत. सरकारी टोपी दिसली की पोटात गोळा. त्या भीतीतून माणसे नुकती सुटलेली आणि समोर पडद्यावर काय, तर पोलीस! आणि तोही असा की ज्याला पाहून भ्यायचे नाही, हसायचे. त्या रात्री बोरीच्या वाळूत जे हसू उठले ते नुसत्या विनोदाचे नव्हते. कोंडलेली वाफ बाहेर पडावी तसे ते हसू होते. मुंबईच्या प्रेक्षकाने १९७५ साली ते चित्र पाहिले तेव्हा त्याला असे वाटले असेल की नाही, सांगता येत नाही. आमचे मात्र तसे झाले.

आमच्या शेजारी एक वारकरी म्हातारबा बसले होते. ते मात्र हसेनात. मध्यंतरात म्हणाले, "लाच खानाराले सखाराम नाव कसाले दिधं?" त्यांचे खरेच होते. ज्या गावात सखाराम महाराजांचा रथ ओढायचा, त्याच गावात त्या रात्रीपासून लाचखाऊ माणसाला सखाराम म्हणायला सुरुवात झाली. आणि पांडू तरी कोण? पंढरीचा पांडुरंगच की तो! दोन्ही नावे देवाची, दोन्ही नावे कुणब्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली. दादांच्या मनात असे काही होते असे मी म्हणत नाही. शिपाई म्हणून शहरात गेलेल्या पोरांची नावे तशीच असायची, एवढेच. पण त्यातच चित्रपटाची मेख आहे. भला पोलीस आणि वाईट पोलीस हे कुठून आकाशातून पडलेले नाहीत, एकाच घरातून, एकाच वावरातून गेलेले दोन भाऊ आहेत.

पोलिसाला हसणे हे आपल्याकडे जुनेच. तमाशाच्या वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई ही पात्रे ठरलेली. कोतवाल हटकून खाबू असायचा आणि सोंगाड्या त्याची रेवडी उडवायचा. दादा त्याच मुशीतले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने त्यांना नाव दिले होते. तेव्हा 'पांडू हवालदार' हा एक प्रकारे पडद्यावर चढवलेला वगच. फरक एवढाच, की सोंगाड्यानेच शिपायाचे कपडे अंगावर घातले. पूर्वी तो कोतवालाला बाहेरून चिमटे काढायचा, आता तो आत शिरला. हा बदल मला फार मोठा वाटतो, कारण बाहेरून चिमटा काढणे सोपे असते, अंगात गणवेश असताना सरळ राहणे अवघड.

आपल्या खानदेशात तर पोलीस म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न जुन्या माणसांना वेगळाच वाटायचा. १४ एप्रिल १९४४ रोजी आपल्या चिमठाण्याजवळ डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या क्रांतिकारकांच्या जोडीने इंग्रजांचा खजिना लुटला. साडेपाच लाखांवर रक्कम होती. सरकारच्या वहीत ती लूट, लोकांच्या मनात ती पूजा. म्हणून माझ्या वडिलांच्या पिढीला 'चोर' आणि 'शिपाई' हे शब्द उच्चारण्याआधी थोडे थांबावे लागे. स्वराज्य आल्यावर शिपाई आपला झाला असे म्हणतात. मनातून तो आपला व्हायला मात्र बराच काळ गेला.

१९७५ हे वर्षही मजेशीर. त्या एका वर्षात जानेवारीत 'दीवार' आला, ऑगस्टमध्ये 'शोले' आला आणि आपला 'पांडू हवालदार'ही त्याच वर्षीचा. तिन्हींत पोलीस आहेत, तिन्हींत चोर आहेत. 'दीवार'मध्ये दोन भाऊ, एक गोदीतला हमाल पुढे तस्कर होतो आणि दुसरा पोलीस अधिकारी. लोकांनी डोक्यावर घेतला तो तस्कराला! 'शोले'तला ठाकूर माजी पोलीस अधिकारी, पण लोकांच्या तोंडी बसला तो गब्बर. दादांनी मात्र शिपायालाच नायक केले. तोही इन्स्पेक्टर नव्हे, साधा हवालदार. ज्याच्या हातात पिस्तूल नाही, काठी आहे. हिंदी चित्रपटात शिपाई असलाच तर साहेबाच्या मागे सलाम ठोकायला किंवा सगळे संपल्यावर गाडीतून उतरायला. त्याला घर असते, मन असते, त्याला कोणी आवडू शकते, हे मराठीत एका सोंगाड्याने दाखवले.

तस्कर तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात होते. आजच्या मुलांना हे नीट कळायचे नाही. त्या काळी बाहेरच्या मालावर बंदी तरी असे किंवा भला मोठा कर. सोन्याचे तर विचारूच नका. १९६३ साली चौदा कॅरटचा नियम आला, १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदा झाला आणि तो १९९० साली उठला. इकडे लग्नात बाईच्या अंगावर सोने हवेच. मग ते यायचे कुठून? रात्रीच्या वेळी गलबतांतून किनाऱ्यावर. सोन्याची बिस्किटे, घड्याळे, ट्रान्झिस्टर, नायलॉनचे कापड. हाजी मस्तान याचे नाव आमच्या चोपड्याच्या बाजारातसुद्धा लोक घेत. १९७४ साली सरकारने त्याला आणि दुसऱ्या पुष्कळ तस्करांना पकडून आत घातले आणि त्याच वर्षाच्या शेवटी तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी वेगळा कायदा केला. तेव्हा दादांच्या चित्रपटात तस्कर आले ते उगाच नाही. वर्तमानपत्र उघडले की तेच असे.

आता आमच्या धाकट्याचे सांगतो.

१९७२ चा दुष्काळ. विहिरीला तळ लागला, केळीचा बाग उभ्या उभ्या सुकला. घडे निसवलेली झाडे मान टाकून पडली, ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. आम्ही दोघे भाऊ खडी फोडायला जायचो. रेशनवर लाल मिलो मिळे, तिची भाकरी थापताना माय रडायची. एवढ्याशा जमिनीवर दोन भावांचे निघायचे नाही हे तेव्हा घरात सगळ्यांना कळले, पण बोलले कोणी नाही. धाकटा स्वतःच म्हणाला, मी भरतीला जातो. उंची बसली, छाती बसली, मुंबईला नेमणूक झाली. त्या काळच्या मुंबईच्या शिपायाचा निळा गणवेश आणि डोक्यावर पिवळी चपटी टोपी. त्याचा पहिला फोटो आला तेव्हा मायला वाटले पोरगा बँडबाजात लागला की काय!

दर महिन्याला त्याची मनीऑर्डर येई. पोस्टमनपुढे माय अंगठा करायची आणि पैसे आधी देवापुढे ठेवायची. तिच्या मनात एक किडा होता. गावात चार माणसे येता-जाता म्हणत, "पोलिसात लागला, आता काय, वरची कमाई." लोक हे कौतुकाने म्हणत. आजही म्हणतात. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा पगार विचारून झाला की हळूच विचारतात, वरचे किती? मायला ते कौतुक सोसत नसे.

१९७८ च्या दिवाळीत धाकटा सुट्टीवर आला. मनगटावर पिवळे धमक परदेशी घड्याळ. आम्ही सगळे भोवती जमलो, पोरे कान लावून टिकटिक ऐकू लागली. माय चुलीपाशी होती. तिथूनच तिने विचारले, "हाई घड्याळ कोनं शे रे भाऊ?" तो म्हणाला, मनं शे, इकत लिधं. "घामना पैसानं शे ना?" तो म्हणाला, "हो माय, पगारना पैसानं." आणि ते खरे होते, याची मला खात्री आहे. त्याने सांगितले, मुंबईत फूटपाथवर ही घड्याळे उघड मिळतात, साहेब लोक घेतात, शिपाई घेतात, कारकून घेतात. पावती नसते एवढेच. माय थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पावती का बरं नसते? त्याने समजावून सांगितले की माल चोरून येतो, म्हणून स्वस्त. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग चोरनी वस्तू लेनारा कोन रे?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. वडील उठून गोठ्यात गेले. धाकट्याने घड्याळ काढून देव्हाऱ्यात ठेवले आणि जाताना ते नेले नाही. पुढे मायच्या मागे ते पत्र्याच्या पेटीत गेले. आजही आहे, पण चालत नाही.

मी पुढच्या वेळी चित्रपट पाहिला तेव्हा मला हे घड्याळ आठवत राहिले. दादांचा चित्रपट तस्कराला पकडतो, लाच खाणाऱ्याची फजिती करतो. पण तस्कराचे गिऱ्हाईक कोण, हे तो विचारत नाही. ते गिऱ्हाईक तर तंबूत वाळूवर बसले होते, कोणाच्या खिशात बिनपावतीचा ट्रान्झिस्टर, कोणाच्या घरवालीच्या अंगावर तसलेच लुगडे. विनोदी चित्रपटाने सगळेच विचारावे अशी अपेक्षा धरू नये हे मान्य. पण जे त्याने विचारले नाही ते एका निरक्षर बाईने चुलीपुढे बसून विचारले, हेही खरे.

सखारामाबद्दल मात्र दादांनी फार नेमके दाखवले आहे. अशोक सराफ यांचा सखाराम राक्षस नाही. तो हसरा आहे, बोलघेवडा आहे, त्याच्याशी आपली गट्टी जमेल असा आहे. खरी लाच अशीच असते. ती दात विचकून येत नाही, चहाचा कप पुढे करून येते. आम्हा केळीवाल्यांना हे सांगायला नको. बाग कापणीला आला की व्यापाऱ्याचा माणूस येतो. "नाना, काय छान माल आहे!" म्हणतो, चहा पितो, पोरांची चौकशी करतो. आणि काट्यावर घडे चढले की दांड्याच्या नावाने इतके वजा, ओल्याच्या नावाने इतके वजा. चांगला नवतीचा माल दोन डाग दाखवून 'वापसी' ठरवतो आणि निम्मा भाव लावतो. केळी म्हणजे काही कापूस नव्हे की घरात भरून ठेवू. आज कापली नाही तर परवा पिकते, हे त्यालाही माहीत आणि आम्हालाही. आमच्या बागेत एका हंगामात असे झाले की सांगितलेला भाव एक आणि हातात पडलेला भाव दुसरा. भांडायला गेलो तर तो मनापासून हसला आणि पुन्हा चहा मागवला. मला त्याचा राग येईना. अगदी सखारामच!

आता पारू केळेवाली. आम्ही केळीच्या मुलखातले, तेव्हा आमच्या तंबूत पडद्यावर केळी दिसली की टाळ्या पडत, त्यात नवल नाही. रावेर, सावदा या स्टेशनांवरून वाघिणीच्या वाघिणी भरून केळी दिल्लीकडे जाताना आम्ही पाहत आलेलो. पण ती पुढे कोणाच्या पाटीत जाते, ती पाटी डोक्यावर घेणारी बाई कशी जगते, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. शेतकरी क्विंटलने विकतो आणि शहर डझनाने विकत घेते. मधल्या वाटेवर किती हात आहेत ते मोजत बसले तर आयुष्य जाईल. त्या वाटेच्या एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला ती पाटीवाली. दोघांच्याही हाती शेवटी फारसे काही उरत नाही. मधल्यांचे मात्र बरे चालते.

आणि कायद्याच्या नजरेने पाहिले तर पारूच गुन्हेगार! रस्त्यावर बसते, परवाना नाही, वाहतुकीला अडथळा. गलबत भरून सोने आणणारा बंगल्यात, आणि पाटी घेऊन बसणारी पोलीस दिसला की पळणार. शिपायाला पकडता येते ती हीच. मोठा चोर त्याच्या हाताबाहेरचा, लहान चोर हाताशी. मग शिपायाचा शूरपणा लहानावर चालतो. हा विषय पुढे फार मोठमोठ्या चित्रपटांनी गंभीरपणे मांडला, पण दादांनी तो प्रेमाच्या गोष्टीत घालून दाखवला आणि म्हणून तो चोपड्या-अमळनेरच्या माणसाला कळला. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी देशात वेगळा कायदा झाला तो २०१४ साली. तोवर कितीतरी पारूंच्या पाट्या गाडीत टाकल्या गेल्या.

त्या मुक्या मुलीचे काम बायकांना फार आवडले होते. कनातीपलीकडे एवढी शांतता पसरली की यंत्राची घरघर ऐकू येत होती. घरी येताना बैलगाडीत आमची वहिनी म्हणाली, "तिला बोलता येत नाही म्हणून ती मुकी. आपल्याला बोलता येतं, पण फौजदाराच्या पुढे बोलतो का?" मी हे वाक्य विसरलेलो नाही. तेव्हा चौकीत बाई एकटी गेली असे कधी ऐकले नव्हते. बरोबर दीर, सासरा, पोलीस पाटील, आणि बोलणारे तेच.

दादांच्या दुहेरी अर्थाच्या बोलण्याबद्दल शहाण्या लोकांनी पुष्कळ नाके मुरडली. घरातल्या मंडळींनी एकत्र बसून पाहण्यासारखे आहे का, असेही विचारले जाई. माझे म्हणणे असे, की जात्यावर आणि हळदीला आपल्या बायका जे म्हणतात त्यापुढे दादा काहीच नाहीत. तंबूत कनातीच्या पलीकडून जास्त हसू येत होते, अलीकडून नव्हे! पुढच्या काही चित्रपटांत दादा त्याच वाटेने फार दूर गेले आणि तिथे मला कंटाळा येऊ लागला, हेही सांगून टाकतो. 'पांडू हवालदार'मध्ये मात्र ते मीठ भाजीपुरते आहे. दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, ते काही नुसत्या चावटपणावर नव्हेत.

धाकट्याने चित्रपट पाहिला तो मुंबईत, गणवेश उतरवून. मी एकदा त्याला विचारले, राग नाही आला? तो म्हणाला, थिएटरात नाही आला. दादांनी आमची टिंगल नाही केली, आमच्या बाजूने टिंगल केली. राग आला तो बाहेर. दुसऱ्या दिवसापासून चाळीतली पोरे, टॅक्सीवाले, दारू पिऊन पडलेलेसुद्धा, सगळे 'ए पांडू' म्हणू लागले. पूर्वी पोरे 'मामा' म्हणायची. मामा म्हणजे आईच्या घरचे नाते. ते गेले आणि हे आले. साहेबाला कोणी पांडू म्हणत नाही, असेही तो म्हणाला. तो तेव्हा साधा शिपाई होता, बाहीवर एकही फीत नव्हती. हवालदाराच्या तीन फिती मिळायला त्याला पुढे कितीतरी वर्षे लागली. "फुकटात हवालदार केलं दादांनी," असे म्हणून हसायचा.

मुंबईतल्या शिपायाचे जिणे त्याच्या तोंडून ऐकले की पडद्यावरचा पांडू सुखी वाटायचा. बारा-बारा तास उभे राहणे, सणावाराला सुट्टी नाही, दहा बाय दहाची खोली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतल्या शिपायांचा राग उसळून बाहेर पडला, ते बंड मोडायला बाहेरची दले आणावी लागली, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. त्या आठवड्यात आमच्या घरी चूल नीट पेटली नाही. गावातल्या एका रेडिओभोवती आम्ही बसून राहायचो. धाकट्याची नोकरी वाचली. तो त्या दिवसांबद्दल कधी फारसा बोलला नाही. आठ तासांची पाळी प्रयोग म्हणून सुरू झाली ती २०१६ साली, देवनारच्या ठाण्यात. तोवर धाकटा निवृत्त होऊन गावी दहा वर्षे केळी लावत होता. बातमी वाचून म्हणाला, "उभे राहून राहून पाय तर वाकले की आमचे."

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आपल्यासारख्याच घरातले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ती बातमी दाखवीत होते तेव्हा धाकटा दूरदर्शनपुढे उभा राहिला, सावधान. खोलीत आम्ही चारजण होतो, आम्हीही उठलो. त्यानंतर गावात काही दिवस तो शब्द ऐकू आला नाही. मग पुन्हा ऐकू येऊ लागला. २०२१ साली 'पांडू' नावाचा नवा चित्रपटही आला, भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा. नातवंडे पाहून आली, खूप हसली. मी गेलो नाही. माझा पांडू एकच.

आता धाकट्याची नात भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाच वाजता चोपड्याच्या रस्त्याने पळते, तिच्या मागे तिचे आजोबा मोटारसायकलवर दिवा लावून. मुलींना आठशे मीटर पळावे लागते, शंभर मीटर वेगळे आणि गोळाफेकही. गावातल्या दोघा-तिघांनी तिलाही विचारले, वरचे किती मिळते गं? तिने त्यांना काय उत्तर दिले ते मी इथे छापायला देत नाही. परवा रात्री अभ्यास झाल्यावर तिने मोबाईलवर जुना 'पांडू हवालदार' लावला आणि आजोबांना शेजारी बसवले. सखाराम आला की ती इतकी हसे, की पेटीतल्या घड्याळाची गोष्ट तिला सांगावी असे मला फार वाटले. पण धाकट्याने डोळ्याने नको म्हटले. तिने ती आजीकडून कधीच ऐकली आहे, असे मागाहून कळले.